मदत हवी आहे: आठवीच्या विज्ञानाची उजळणी. व्याख्या पाठ आहेत, पण ‘का’ विचारलं की अडतं

उंबरठा

नमस्कार. माझी लेक आठवीत आहे. परीक्षेला पाच आठवडे उरलेत आणि सहावीपासूनचं विज्ञान एकत्र उजळायचं आहे: पृथ्वी, अवकाश, आणि बल, गती, उष्णता, द्रव्य हा सगळा भाग. जीवशास्त्राची काळजी नाही, ते तिचं आवडतं आहे.

अभ्यास टाळणारी मुलगी नाही ही. परिवलन म्हणजे काय, परिभ्रमण म्हणजे काय, घनतेचं सूत्र काय, विचारायचा अवकाश की उत्तर हजर. म्हणून मी निर्धास्त होते. परवा रात्री सहज विचारलं, उन्हाळा का येतो गं? म्हणाली, “पृथ्वी सूर्याच्या जवळ जाते म्हणून.” मी तिचीच वही काढली. तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं: पृथ्वीचा अक्ष २३.५ अंशांनी कललेला असल्यामुळे ऋतू होतात. ते दाखवल्यावर ती अगदी सरळपणे म्हणाली, “हो, ते पेपरात लिहायचं. पण खरं कारण जवळ जाणंच आहे ना?”

त्या वाक्याने माझी झोप उडाली. म्हणजे तिच्या डोक्यात दोन कप्पे आहेत, एक पेपरात लिहायचा आणि एक खरं मानायचा, आणि दोघांची कधी गाठच पडलेली नाही.

मग दोन दिवस मी असेच साधे प्रश्न विचारत गेले आणि उत्तरं लिहून ठेवली. चंद्राच्या कला पृथ्वीच्या सावलीमुळे होतात. अंतराळवीर तरंगतात कारण तिथे गुरुत्वाकर्षण नसतं. भूकवचाखाली सगळा वितळलेला रस आहे. बर्फ वितळत असताना त्याचं तापमान वाढत जातं. वस्तुमान आणि वजन एकच, फक्त एकक वेगळं.

मी वाणिज्य शाखेची. विज्ञान दहावीनंतर सुटलं. खरं सांगते, यातल्या दोन गोष्टी मलाही तशाच वाटत होत्या. रोज एक तास मी तिच्यासोबत बसू शकते. आतापर्यंत धडे मोठ्याने वाचले, व्हिडिओ पाहिले, प्रश्नसंच सोडवले. मार्क बरे येतात, पण समज तिथल्या तिथेच. सुरुवात कुठून करू? आणि सगळं नव्याने शिकवायला वेळ नसताना नेमकं काय धरू, काय सोडू? घरातल्या वस्तूंनी करता येईल असं काही असेल तर जरूर सांगा.

खडूफळा

ताई, बरीच वर्षं याच वयाच्या मुलांना शिकवलं. तुम्ही जी यादी केलीत तोच तुमचा अभ्यासक्रम समजा. जे तिला येतं ते पुन्हा वाचत बसू नका. ज्या चुकीच्या कल्पना तिला मनापासून खऱ्या वाटतात त्या पाच-सहाच असतात, पण अर्धे धडे त्यांच्यावर उभे असतात.

एक पथ्य पाळा. समजावून सांगण्याआधी तिला चित्र काढायला लावा आणि त्या चित्राचा शेवट तिलाच करू द्या. ऋतूंचंच घ्या. तिला म्हणा, बरं, पृथ्वी जवळ गेली म्हणून उन्हाळा. मग त्याच दिवशी दक्षिण गोलार्धात काय असेल? सगळी पृथ्वीच जवळ गेली तर सगळीकडेच उन्हाळा हवा. पण उत्तरेला हिवाळा असतो तेव्हा दक्षिणेला उन्हाळा असतो, हे तिला माहीत असतं. इथे ती थांबेल. थांबू द्या, लगेच उत्तर देऊ नका. मग आकडे सांगा: पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ येते जानेवारीच्या सुरुवातीला, साधारण १४ कोटी ७१ लाख किलोमीटरवर. सर्वांत दूर जाते जुलैच्या सुरुवातीला, १५ कोटी २१ लाखांवर. म्हणजे उत्तर गोलार्धाच्या ऐन थंडीत आपण सूर्याच्या जास्त जवळ असतो.

हा गैरसमज मुलांच्या डोक्यात बऱ्याचदा पुस्तकातल्या आकृतीनेच शिरतो. कक्षा तिरप्या बाजूने पाहिल्यासारखी काढतात, त्यामुळे ती लांबुळकी दिसते. प्रत्यक्षात ती जवळजवळ वर्तुळच आहे. ही गोष्ट मुलीला आवर्जून सांगा, तिची चूक कुठून आली ते कळलं की तिला बरं वाटेल.

मग प्रयोग. चेंडूतून एक काडी आरपार घाला, तो अक्ष. खोलीच्या मध्यभागी दिवा ठेवा. काडी थोडी कलती धरून दिव्याभोवती फिरायचं, पण काडीचं वरचं टोक सतत खोलीच्या एकाच भिंतीकडे रोखलेलं हवं. मुलं इथे हटकून चुकतात, फिरता फिरता काडीही दिव्याकडे वळवत राहतात. तसं झालं तर ऋतू बदलणारच नाहीत, एका अर्ध्या भागात कायमचा उन्हाळा राहील. ती चूक तिला एकदा करू द्या आणि काय झालं ते तिच्याकडूनच ऐका. शेवटी चौकटीच्या कागदावर टॉर्च आधी सरळ आणि मग तिरपी धरा. उजेड तेवढाच, पण तिरप्या टॉर्चने जास्त चौकटी व्यापल्या, म्हणून प्रत्येक चौकटीच्या वाट्याला कमी आला. कललेल्या अक्षाने उष्णता कमी-जास्त का होते ते इथे हाताला लागतं. दिवस लहान-मोठे होण्याची भर त्यात नंतर घालता येईल.

शांत_डोह

चंद्राचं मी सांगते, माझ्या मुलाचा घोळ असाच सुटला होता.

अंधाऱ्या खोलीत एकच दिवा डोक्याच्या उंचीवर. मुलीच्या हातात पांढरा चेंडू, हात लांब केलेला, डोक्यापेक्षा जरासा वर. तिचं डोकं म्हणजे पृथ्वी. दिव्याकडे तोंड केलं की चेंडूची आपल्याकडची बाजू काळी: अमावास्या. तिथून डावीकडे हळूहळू वळायचं. पाव वळण झालं की चेंडूची उजवी अर्धी बाजू उजळलेली दिसते. उत्तर गोलार्धातून शुक्ल पक्षातल्या अष्टमीचा चंद्र असाच दिसतो. दिव्याकडे पाठ झाली की पौर्णिमा.

या सगळ्यात चेंडूवर डोक्याची सावली कुठे पडली, हा प्रश्न तिला विचारा. कुठेच नाही. चेंडूचा अर्धा भाग कायम उजळलेला आहे, बदलते ती फक्त आपली बघायची जागा. आता पौर्णिमेच्या ठिकाणी चेंडू थोडा खाली आणायला सांगा. डोक्याची सावली चेंडूवर येईल. ते चंद्रग्रहण. दर पौर्णिमेला ते होत नाही कारण चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी साधारण ५ अंशांनी कललेली आहे, आणि चंद्र बहुतेक वेळा सावलीच्या वरून नाहीतर खालून निघून जातो.

जमलं तर अंतराचंही करा. पृथ्वी २० सेंटीमीटरचा चेंडू मानली तर चंद्र साडेपाच सेंटीमीटरचा, आणि तो ठेवायचा कुठे? मुलं एका हाताच्या अंतरावर ठेवतात. खरी जागा ६ मीटरवर आहे. मोजपट्टी घेऊन तिलाच ठेवायला लावा. त्याच प्रमाणात सूर्य सुमारे २२ मीटर रुंद आणि २ किलोमीटरहून जास्त अंतरावर. माझा मुलगा पलीकडच्या खोलीत चेंडू ठेवून आला आणि बराच वेळ दारात उभा राहून बघत होता.

पायवाट

भौतिकशास्त्राच्या बाजूचं माझ्याकडून.

तरंगणाऱ्या अंतराळवीरांपासून सुरू करा, वस्तुमान-वजन आपोआप मागे येतं. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक जमिनीपासून साधारण ४०० किलोमीटरवर आहे. पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किलोमीटर, त्यामानाने हे अंतर किरकोळ. तिथे गुरुत्वाकर्षण जमिनीवरच्या जवळपास नव्वद टक्के असतं. नसतं तर स्थानक सरळ रेषेत निघून गेलं असतं. स्थानक आणि आतली माणसं एकत्रच पडत असतात, फक्त आडवा वेग इतका आहे की पडता पडता पृथ्वीची वक्रता खाली सरकत जाते. दीड तासात एक फेरी.

‘एकत्र पडणं’ दाखवायला प्लास्टिकची बाटली घ्या. तळाजवळ बाजूला भोक पाडा, पाणी भरा, झाकण उघडंच ठेवा. धार लागेल. आता बाटली उंचावरून बादलीत सोडून द्या. बाटली हवेत असेपर्यंत धार थांबलेली दिसेल. पाणी तेच, पृथ्वीची ओढ तीच, पण दोघं एकाच त्वरणाने पडतायत म्हणून पाणी बाटलीवर दाब देत नाही. फोनवर संथ गतीने चित्रण केलंत तर फारच स्पष्ट दिसतं.

त्यानंतर विचारा: ६० किलो वस्तुमानाच्या माणसाचं पृथ्वीवरचं वजन ५८८ न्यूटन. चंद्रावर तो आकडा शंभराच्याही आत येतो. मग माणसातलं काय कमी झालं? काहीच नाही. चंद्रावर जड पेटी उचलणं सोपं होईल, पण तिला आडवा झटका देऊन वेग द्यायला इथल्याइतकंच बल लागेल. उचलताना वजन आडवं येतं, वेग देताना वस्तुमान. मला स्वतःला हा फरक या उदाहरणाने कळला, व्याख्येने नाही. १९७१ मध्ये अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर हातोडी आणि पीस एकदम सोडलं आणि दोन्ही एकदमच खाली पोचली, ते चित्रणही दाखवा.

उष्णता-तापमानासाठी बर्फाचा चुरा, थोडं पाणी आणि प्रयोगशाळेतला तापमापक पुरे. ताप बघायचा नको. ढवळत राहायचं, दर दोन मिनिटांनी आकडा लिहायचा. सगळा बर्फ वितळेपर्यंत आकडा शून्याच्या आसपास अडून राहतो. उष्णता तर आत येतेच आहे, मग जाते कुठे? कणांची बांधणी सैल करण्यात. आलेख तिने स्वतः काढला तर अप्रकट उष्मा वेगळा शिकवावा लागणार नाही.

खडूफळा

पायवाट, बाटलीचा प्रयोग उत्तम.

ताई, वेळापत्रकाबद्दल राहिलं होतं. एक आठवडा पृथ्वी, एक अवकाश असं करू नका. रोज दोन भागांतले दोन प्रश्न, पुस्तक मिटून, कागदावर. मग पुस्तक उघडून लाल शाईने स्वतःच दुरुस्ती. चुकलेला प्रश्न तीन दिवसांनी परत, मग आठवड्याने परत. हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःच्याच स्मरणावर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले, तेव्हापासून हे माहीत आहे की अंतर ठेवून केलेली उजळणी एका बैठकीतल्या घोकंपट्टीपेक्षा टिकते. पुन्हा पुन्हा वाचल्याने धडा ओळखीचा वाटतो, आणि त्या ओळखीलाच मुलं समज मानतात.

सोडायचं काय, असंही विचारलं होतंत. ग्रहांच्या उपग्रहांची संख्या, खनिजांच्या लांबलचक याद्या हे शेवटच्या चार दिवसांवर टाका.

उंबरठा

सगळ्यांचे मनापासून आभार. दहा दिवसांनी लिहिते आहे.

ऋतूंचा प्रयोग पहिल्या दिवशी फसला, काडी मीच दिव्याकडे वळवत होते. लेकीने हात धरून थांबवलं आणि म्हणाली, “आई, भिंतीकडे.” चंद्राचा चेंडू तर आता तिच्या टेबलावरच असतो. काल संध्याकाळी अर्धा चंद्र दिसला तेव्हा तिने आधी मावळतीकडे बोट दाखवलं, मग चंद्राच्या उजळ बाजूकडे, आणि काही न बोलता माझ्याकडे पाहिलं. बर्फाचा आलेख वहीत चिकटवलाय. वस्तुमान-वजन अजून कधीकधी गडबडतं, पण आता तिचं तिलाच कळतं.

आता अडलोय ते पृथ्वीच्या अंतरंगावर. प्रावरण, म्हणजे भूकवचाखालचा जाड थर, द्रव नसून घन आहे असं मी वाचून सांगितलं. तिने लगेच दोन प्रश्न टाकले. आत कोणी गेलेलं नाही, मग घन आहे हे कशावरून? आणि घन असेल तर त्यावरचे भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या पृष्ठभागाचे मोठाले तुकडे, सरकतात कसे? मला दोन्हीचं उत्तर देता आलं नाही.

शांत_डोह

प्रश्न किती छान विचारलेत तिने!

पहिल्याचं उत्तर भूकंप देतो. भूकंपाच्या दुय्यम लहरी कणांना आडवं हलवत जातात, आणि अशा लहरी द्रवातून जाऊच शकत नाहीत. त्या प्रावरणातून आरपार जातात, म्हणजे प्रावरण घन. बाह्य गाभ्यापाशी मात्र त्या थांबतात, म्हणजे तो द्रव. त्याच्याही आत घन अंतर्गाभा आहे हे इंगे लेहमान या डॅनिश शास्त्रज्ञ बाईंनी १९३६ मध्ये दाखवलं, तेही भूकंपाच्या नोंदींवरूनच. लेकीला हे नक्की सांगा.

दुसऱ्यासाठी हिमनदी आठवायला सांगा. बर्फ घन आहे, हातोडीने फुटतो, तरी हिमनदी डोंगरावरून स्वतःच्या भाराने हळूहळू वाहते. प्रावरणातला तापलेला खडक तसाच, प्रचंड दाबाखाली, त्याहून कितीतरी सावकाश. भूपट्टांची चाल वर्षाला काही सेंटीमीटर, साधारण आपली नखं वाढतात त्या वेगाची. ज्वालामुखीतून येणारा रस म्हणजे सगळं प्रावरण नव्हे, ठरावीक ठिकाणी खडकाचा थोडा भाग वितळतो तेवढाच.

उंबरठा

नखांचं वाचून दाखवलं. तिने अंगठ्याच्या नखावर मुळाशी पेनाने बारीक रेघ ओढली आहे आणि वहीत तारीख घातली आहे. परीक्षेच्या दिवशी मोजणार म्हणते.