आधी वाचा, मग एक्झिट कोड मागा
पायथॉनमधल्या पॅरामिको या लायब्ररीने एसएसएचवरून (सुरक्षित जोडणीवरून) दूरच्या सर्व्हरवर कमांड चालवली की छोटं आउटपुट नीट येतं, मोठं असलं की प्रोग्राम अडकतो, हा तुमचा त्रास मीही भोगलाय. सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एका टॉवेल कारखान्याचा स्टॉक मी असाच पुण्याच्या सर्व्हरवरून ओढतो. एसएसएच चॅनेलची विंडो, म्हणजे न वाचलेला डेटा साठायची जागा, ठरावीक आकाराची असते. आउटपुट न वाचता एक्झिट कोडची (कमांड संपल्यावर यश-अपयश सांगणाऱ्या आकड्याची) वाट बघत बसलं की ती भरते. पलीकडची कमांड जागा मोकळी होण्यासाठी थांबते आणि आपण तिच्यासाठी! म्हणून आधी आउटपुट वाचा, मग कोड मागा. एररचा प्रवाहही सोबतच रिकामा करत राहा, नाहीतर तो तुंबून तेच होतं. दोन्ही प्रवाह एकत्र मिळावेत म्हणून स्यूडो-टर्मिनल (सर्व्हरवरचं नकली टर्मिनल) मात्र मागू नका. ओळीच्या शेवटी कॅरेज रिटर्न हे न दिसणारं चिन्ह चिकटतं आणि मजकुराची तुलना फसते. माझी अख्खी रात्र त्यात गेली होती.