बायबल वाचलं, मग रोजच्या वागण्यात काय बदललं? अनुभव लिहा

आवडतं वचन कोणतं, असा हा धागा नाही. आवडती वचनं कॅलेंडरवर छापतात आणि महिना संपला की पानासकट उलटतात. मला विचारायचंय ते वेगळं. वाचता वाचता एखादा भाग असा खुपला किंवा पटला का, की त्यानंतर घरात, कामावर, भांडणात तुमच्या वागण्यात फरक पडला? ख्रिस्ती असा, नसा, सगळ्यांनी लिहा. अट एकच: वचन सुटं उचलू नका, आजूबाजूला काय चाललंय तेही सांगा.

सुरुवात मी करते. यिर्मया 29:11 (म्हणजे यिर्मया या संदेष्ट्याचं पुस्तक, अध्याय 29, वचन 11). देवाच्या मनात तुमच्या भल्याच्याच योजना आहेत, अशा अर्थाचं. नोकरी लागेना, लग्न जमेना की कुणीतरी हे हमखास पाठवतं. माझी मनाविरुद्ध बदली झाली तेव्हा मलाही ढिगाने आलं. वैतागून अख्खा अध्याय काढला. तर हे बाबेलात (बॅबिलोनमध्ये) धरून नेलेल्या यहुद्यांना लिहिलेलं पत्र, आणि आदल्याच वचनात म्हटलंय की परतीला 70 वर्षं लागतील. म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांपैकी बहुतेक जण परत जाणारच नव्हते! त्याआधीच्या अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांत सुटका होईल असं छातीठोक सांगतो, आणि खोटा ठरतो. यिर्मया सांगतो ते रुक्ष आहे: घरं बांधा, मळे लावा, मुलांची लग्नं करा, ज्या शहरात नेलंय त्याचं भलं चिंता. माझं सामान तोवर खोक्यांतच होतं, जायचंच आहे तर सोडायचं कशाला म्हणून. ते सोडलं, पडदे लावले, शेजारी ओळख काढली. बदली काही रद्द झाली नाही.

दोन दीनार

चांगल्या शोमरोन्याची गोष्ट (लूक 10) मला सगळ्यांनी इतकी ऐकवली की तिचा रागच यायला लागला. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, दोन्ही वेळचं सगळं मीच करायचं, आणि वर "तू म्हणजे अगदी शोमरोनी हो" असं कौतुक. एका रात्री झोप येईना तेव्हा ती गोष्ट हळूहळू, एकेक क्रिया मोजत वाचली. वाटेत लुटून अर्धमेला टाकलेला एक माणूस शोमरोन प्रांतातल्या या प्रवाशाला दिसतो. तो जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओततो, पट्ट्या बांधतो, स्वतःच्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो, तिथे त्याचं करतो. आणि दुसऱ्या दिवशी? उतारशाळेच्या मालकाला दोन दीनार काढून देतो, याची काळजी घ्या म्हणतो, जास्त खर्च झाला तर परत येताना भागवीन म्हणतो, आणि आपल्या वाटेने निघून जातो. दीनार म्हणजे तेव्हाची मजुराची एका दिवसाची मजुरी. त्याला त्याचं काम होतं, प्रवास होता. येशूने त्याबद्दल त्याला नावं ठेवलेली नाहीत, उलट "जा आणि तूही तसंच कर" म्हटलंय.

आम्ही दिवसाची बाई ठेवली. नणंदा आणि आम्ही मिळून पैसे घालतो. "पैसे टाकून सेवा करवून घेतात" असं एका नातेवाईक बाईंनी सुनावलं. मी म्हटलं, उतारशाळेचा मालकही फुकट करत नव्हता.

वर्कशॉपवाला

"शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर" हे येशूचं म्हणून सगळ्यांना माहीत असतं. पण तो ते लेवीय 19:18 मधून सांगतोय. तो अध्याय उघडला तर पाच वचनं आधी काय आहे? मजुराची मजुरी रात्रभर, सकाळपर्यंत तुझ्याकडे राहू देऊ नकोस. लगेच पुढे: बहिऱ्याला शिव्या देऊ नकोस, आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नकोस. शेवटी शेवटी तराजू आणि वजनं खरी ठेवा म्हणून सांगितलंय. म्हणजे प्रीती मजुरी आणि मापांच्या गर्दीत येऊन बसलीय. मला हे फार आवडलं, मी हिशोबाचा माणूस.

आमच्या धंद्यात रीत अशी की पार्टीचं बिल निघालं की मग पोरांचे पगार. मी उलटं केलं. ॲडव्हान्स आला की मजुरीची रक्कम पहिली बाजूला. कच्च्या मालवाल्याशी यावरून दोनदा वाजलंय, कारण आता तो थांबतो. पण तो गाडीतून येतो, चालत नाही.

काठावरचा

यासाठी धर्मग्रंथ कशाला लागतो? कायदा आहे की.

वर्कशॉपवाला

आहे ना. पण कायदा कुणी तक्रार केली तर जागा होतो, आणि माझ्याकडची पोरं कधीच करणार नाहीत. बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात (24:15) कारणही दिलंय: तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या मजुरीत अडकलेला असतो. मला ते कारण पुरलं. तुम्हाला कायदा पुरत असेल तर उत्तमच.

एकविसावं वचन

इफिसकरांस लिहिलेल्या पत्रातलं 5:22 मला पाठ आहे. मार खाऊन माहेरी आले तेव्हा घरातल्या मोठ्यांनी तेच ऐकवलं: स्त्रियांनो, पतीच्या अधीन असा. मी पुस्तक त्यांच्यासमोर ठेवलं आणि एक वचन वर जाऊन वाचायला सांगितलं. 21 मध्ये सगळ्यांनाच म्हटलंय, एकमेकांच्या अधीन असा. मग 25 पासून नवऱ्यांना जे सांगणं सुरू होतं ते बायकांना सांगितल्याच्या कितीतरी पट लांब आहे. ख्रिस्ताने मंडळीसाठी (त्याच्यावर विश्वास ठेवणाऱ्यांसाठी) स्वतःला देऊन टाकलं तशी प्रीती करा, आपलं शरीर जपता तसं बायकोला जपा. काकांनी मोठ्याने वाचलं, 29 पर्यंत आले आणि चष्मा काढून पुसत बसले.

मी परत गेले नाही. एका वचनाने सुटले असं मुळीच म्हणणार नाही. पोलीस, वकील, मैत्रिणीकडची एक खोली, हे सगळं लागलं. देवाच्या नावाने जो धाक घातला होता, तेवढा मात्र त्या दुपारी संपला.

धागाकर्ती

लिहिलंत, आभार. यावर कुणी "पण दुसरी बाजू" सुरू केली तर प्रतिसाद उडवेन.

थोरला

उधळ्या पुत्राच्या गोष्टीत (लूक 15) धाकटा वाटणीचा पैसा उधळून घरी येतो, बाप मेजवानी घालतो आणि थोरला रागावून बाहेरच राहतो. मी पहिल्यापासून थोरल्याच्या बाजूचा. आमच्याकडे तसंच आहे. धाकटा कर्ज करून आला आणि आईबाबांनी एक शब्द विचारला नाही. गोष्ट कुणाला सांगितलीय ते पाहिलं तेव्हा जरा चपापलो: येशू पापी लोकांबरोबर जेवतो म्हणून कुरकुरणाऱ्या परुशी (धर्मनियम काटेकोर पाळणारा पंथ) आणि शास्त्र्यांना. म्हणजे ती माझ्यासारख्यांसाठीच. बाप थोरल्याची समजूत काढायलाही बाहेर येतो, आणि तो आत गेला की नाही हे गोष्टीत सांगितलेलंच नाही.

मी भावाकडे जेवायला गेलो. बोललो फार नाही. त्याने कुणाचे किती बुडवले त्याची वही माझ्याकडे आहे, ती मी फाडलेली नाही आणि फाडणारही नाही.

मुकी

मुलंबाळं, मालमत्ता सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसतात, एक शब्द न बोलता. मग तोंड उघडतात आणि सगळं बिघडवतात. शेवटी देव त्यांनाच रागावतो. मैत्रिणीचं बाळ गेलं तेव्हा मी तिच्याकडे जाऊन भांडी घासली, कपडे वाळत घातले. "देवाची इच्छा" म्हणणारे खूप जण येऊन गेले.

काठावरचा

पुन्हा मीच. विश्वास नाही, पण वर वाचून योना या संदेष्ट्याचं पुस्तक वाचलं, चारच अध्याय आहेत म्हणून. त्याला गिळणारा मासा जेमतेम दोन-तीन वचनांत येऊन जातो. खरी गंमत शेवटी: ज्या निनवे शहराला तो इशारा द्यायला जातो तिथले लोक सुधारतात, देव त्यांना सोडून देतो आणि योना त्यावर रागावून बसतो. ऑफिसात एकाने माझ्या कामाचं श्रेय लाटलं होतं, मग सगळ्यांसमोर माफीही मागितली. मला त्या माफीचाच जास्त राग आला होता. इतकी जुनी गोष्ट हे इतकं नेमकं ओळखते, याचं आश्चर्य वाटलं. विश्वास अजून नाहीच.

नवीन आले

कधीच वाचलेलं नाही. कुठून सुरू करू?

धागाकर्ती

उत्पत्तीपासून सरळ नको, बहुतेक जण निर्गमच्या उत्तरार्धात, निवासमंडपाच्या (देवासाठी उभारलेल्या तंबूच्या) मापांत अडकतात. मार्क घ्या, 16 अध्याय, शुभवर्तमानांत (येशूच्या चरित्रांत) सर्वांत छोटं. मग याकोबाचं पत्र, पाच अध्याय, बोलणं आणि पैसा यांवर अगदी रोखठोक. आणि शक्यतो कुणाबरोबर तरी वाचा, तुमच्याशी वाद घालेल अशा माणसाबरोबर. वर काठावरचे आहेतच, मोकळे दिसतायत.