साटेलोटे: अर्थ आणि वापर

अधिकारी आणि कंत्राटदार यांच्या साटेलोट्याच्या बातम्या वाचत वाढलेल्या पिढीला हा शब्द सोयरिकीचाही आहे, हे सांगावे लागते. मराठवाड्यातल्या खेड्यात एखादी आजी "तिला साट्यालोट्यात दिली" म्हणते, तेव्हा तिच्या मनात लाचलुचपत नसते. एका घरचे भाऊ-बहीण आणि दुसऱ्या घरचे बहीण-भाऊ यांची लग्ने एकमेकांच्या अटीवर ठरतात, बहुधा एकाच मांडवात लागतात आणि दोन्हीकडे हुंड्याचा प्रश्न उरत नाही, असा तो व्यवहार असतो.

'साटे' म्हणजे अदलाबदल, सौदा. जमिनीच्या खरेदीखताआधीच्या साठेखताला पुष्कळ जण 'साटेखत' लिहितात, ते याच अर्थाला धरून. 'लोटे' या अर्थाने सुटा वापरात नाही. शब्द नपुंसकलिंगी असून बोलीत तो 'साटंलोटं' होतो.

अशा घरातली नाती पाहिली की शब्दाचे वजन कळते. नणंद हीच भावजय असते आणि तिच्या दृष्टीने आपणही तेच असतो. लेकरांना आत्या आणि मामी ही एकच बाई असते, तिला हाक कोणती मारायची हे ज्या त्या घरच्या वळणावर ठरते. सोयीच्या या गाठीला दुसरी बाजूही आहे. एक सून भांडून माहेरी आली, की "आमची परत आली, आता तुमचीही घेऊन जा" असा निरोप जायला वेळ लागत नाही, आणि जिचा संसार नीट चालला आहे तीही विनाकारण भरडली जाते.

याच ठिकाणी 'सावड' या शब्दाशी तुलना करणे मला आवश्यक वाटते. दोन शेतकरी पाळीपाळीने एकमेकांच्या रानात राबतात किंवा प्रत्येकी एकेक बैल घालून जोडी करतात, ती सावड; इर्जिकीत गावकरी एखाद्याच्या रानात एकत्र राबतात आणि तो त्यांना जेवू घालतो. या दोन्हींत माणूस स्वतःचे श्रम, स्वतःचे जनावर देतो. साट्यालोट्यात ठरवणारे वडीलधारे असतात आणि दिले जाते ते मुलीचे आयुष्य. वर्तमानपत्री अर्थही मला याच धाग्याने जुळलेला दिसतो, कारण तिथे अधिकारी जे देतो ते सार्वजनिक असते, त्याच्या मालकीचे नसते.

म्हणून पेरणीच्या दिवसांत शेजाऱ्यांनी एकमेकांना केलेल्या मदतीला 'शेतकऱ्यांचे साटेलोटे' म्हणणे चूक आहे. तिथे सावडच लिहावे. आणि दोन्ही बाजूंनी उघडपणे, आपापल्या मालकीचे देणे-घेणे असेल, तर 'देवाणघेवाण' हा शब्द पुरेसा आहे.