क्रूझ आणि आपली घोडी (१७, २१, २३): येतील का, टिकतील का?

मीनल_ठाणे
नमस्कार मंडळी, येत्या मे महिन्यात आमच्या लग्नाला २५ वर्षं होतायत आणि ह्यांच्या डोक्यात क्रूझ बसलीय. सिंगापूरहून सुटणारी, ४ रात्रींची, पिनांग आणि फुकेत करून परत सिंगापूर. आम्ही दोघं, मुलगा २१, मुलगी १७ (बारावी आणि सीईटी उरकून येणार, ऑगस्टमध्ये १८ची होईल) आणि पुतण्या २३, त्याची नवीन नोकरी आहे त्यामुळे सुट्टी मोजून मापून.

प्रॉब्लेम असा की तिघांचंही तोंड वाकडं. मुलगा म्हणतो क्रूझ म्हणजे रिटायर्ड लोकांचं काम, त्यापेक्षा मी मित्रांबरोबर व्हिएतनामला जातो. मुलगी म्हणते वायफाय असेल तर येते. आता बोला.

खोल्या किती घ्याव्यात, दोन की तीन? आणि एक जरा नाजूक विषय, ड्रिंक्सचा. ह्यांना माहितीय मुलगा घेतो, मुलाला माहितीय की ह्यांना माहितीय, आणि घरात कुणी ब्र काढत नाही. चार दिवस एकाच बोटीवर हे कसं निभावायचं? अनुभवी लोकांनी सांगा प्लीज.

सुलभा_कोथरूड
मीनलताई, आम्ही दोन वर्षांपूर्वी नेमकी हीच केली, पोरं तेव्हा १६, १९, २२. पाच जणांचे विमान, सिंगापूरचं हॉटेल सगळं धरून पाच लाखांच्या वर गेले, ते आधीच सांगून ठेवते.

खोल्या: आम्ही एक बाल्कनीवाली घेतली आणि तिच्या बरोबर समोर एक आतली, बिनखिडकीची. पोरांना आतली. वाईट वाटून घेऊ नका, त्या खोलीत दिवस की रात्र काही कळत नाही, त्यामुळे माझे दोघं अकरा-अकरा वाजेपर्यंत घोरत पडायचे आणि खूश होते. पण तिघं एका खोलीत म्हणजे तिसऱ्याला भिंतीतून खाली येणारा बंक, आणि आमच्या सहाफुटी चिरंजिवांचे पाय चार दिवस बाहेर. जमत असेल तर तीन खोल्या घ्या. अजून एक, बुकिंगला १८ खालच्या पोरांच्या खोलीत एका मोठ्या माणसाचं नाव लागतं. तुमच्यात २१, २३ वाले आहेत म्हणा, तरी एजंटला आधी विचारा. आम्ही कागदावर एका खोलीत हे आणि दुसरीत मी असं दाखवलं, आत गेल्यावर काउंटरवर जादा कार्डं करून घेतली आणि झोपायला ज्याला जिथे पाहिजे तिथे.

त्या कार्डातच खरी गंमत आहे. प्रत्येकाचं आपलं कार्ड, त्यावरच दार उघडतं, त्यावरच खरेदी. फक्त पहिल्याच दिवशी काउंटरवर जाऊन पोरांच्या कार्डांना खर्चाची मर्यादा लावून घ्या, नाहीतर शेवटच्या दिवशी आर्केडच्या गेमचं बिल बघून छातीत कळ येते. आणि सर्व्हिस चार्ज म्हणून दर माणशी दर दिवशी डॉलरमध्ये वेगळं कापतात, ते बजेटमध्ये आत्ताच धरा.

वायफाय डिव्हाइसमागे रोजचं पैसे लावतं, आम्ही एकच घेतलं आणि भांडणं झाली, सो दोन घ्या. आणि पोरांना ओरडून सांगा बोट सुटली की फोन एअरप्लेन मोडवर. बोटीचं स्वतःचं नेटवर्क असतं, फोन गुपचूप त्याला चिकटतो आणि त्या रोमिंगचे दर आपल्या रोजच्या पॅकमध्ये बसत नाहीत. माझ्या मधल्याने पहिल्या रात्री तीन रील बघितले, बिल आलं ते ह्यांनी अजून जपून ठेवलंय, लग्नात दाखवणारेत म्हणे.

आता मेन गोष्ट. फुकेतला मोठी बोट धक्क्याला लागत नाही, पाटोंगसमोर समुद्रात नांगर टाकते आणि छोट्या टेंडर बोटीतून नेतात. थायलंडचं घड्याळ सिंगापूरच्या एक तास मागे आहे. आमच्या बोटीने वेळ बदलली नव्हती, पण पोरांच्या फोनने आपोआप बदलली! पोरं किनाऱ्यावर निवांत मँगो स्टिकी राइस खात बसलेली, त्यांच्या मते अजून तास होता. मी धक्क्यावर उभी, शेवटची टेंडर भरत आलेली. शेवटी ते पळत आले, एकाच्या हातात एक चप्पल. तेव्हापासून घरात कुणाला उशीर झाला की आम्ही 'फुकेत टाइम' म्हणतो. तुमच्या पोरांना एक साधं काट्याचं घड्याळ द्या, फोनवर भरवसा नको.

कोकणी_गडी
मे म्हणताय पण मे संपत आला की फुकेतच्या बाजूला पाऊस सुरू होतो, समुद्र खवळतो, टेंडर कॅन्सल होऊ शकते, मग फुकेत लांबूनच बघायचं. एप्रिल शेवट किंवा मेचा पहिला आठवडा जमतो का बघा. सीईटी आडवी येणार म्हणा.

दुसरं म्हणजे कुणाला बोट लागते का ते आधी माहितीय का? पाच लाख घालून चार दिवस बेसिनपाशी काढणारे पाहिलेत मी. आमच्याकडे आधी मुंबई-गोवा दोन रात्री करून बघितलं, कॉर्डेलिया कंपनीची जी एम्प्रेस बोट आहे त्यावर (१९९० सालची, आधी रॉयल कॅरिबियन ह्या क्रूझ कंपनीकडे एम्प्रेस ऑफ द सीज म्हणून होती). पासपोर्टची भानगड नाही, एका वीकेंडला कळतं कोण टिकतो. खोली घेताना बोटीच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावर घ्या, तिथे हलणं कमी. आलेपाक बरोबर असू दे, आणि गोळी लागल्यावर नाही, आधी घ्यायची.

आमची आजी शेवटपर्यंत बोटीत बसली नाही. रेवसची ती, १७ जुलै १९४७ला रामदास ही मुंबईहून रेवसला येणारी प्रवासी बोट बुडाली तेव्हा आठ वर्षांची होती, गावातल्या घराघरांतली माणसं गेलेली. मी क्रूझचे फोटो दाखवले तर म्हणाली "केवढी पण असूदे, पाण्यातच ना." अवांतर झालं, माफी.

आदू_२२
मी त्या तुमच्या मुलाच्या बाजूचा, मलापण आईबाबांनी ओढून नेलेलं गेल्या वर्षी. खरं सांगू का काकू, बोअर होईल ही भीती नसते, तुम्ही सकाळी सातला दार वाजवाल ही असते. 'चल रे ब्रेकफास्ट संपेल', 'चल रे योगा आहे', 'चल रे सनराइज'. ते करू नका. आमच्याकडे शेवटी तह झाला, रात्रीचं जेवण साडेसातला सगळ्यांनी एकत्र, शर्ट घालून, फोन खिशात, बाकी दिवसभर कोण कुठे विचारायचं नाही. मग मजा आली. मोठ्या बोटींवर लाटांवर सर्फिंगचं असतं, क्लाइंबिंग वॉल असते, रॉयल कॅरिबियनच्या क्वांटम टाइपच्या बोटींवर तर बंपर कार आणि हवेत उडवणारी ती नळकांडी पण, फक्त काहींना स्लॉट लागतात ते पहिल्या दिवशीच बुक करायचे.

ड्रिंक्सचं. आमच्याकडेपण सेम सीन होता. तिसऱ्या संध्याकाळी मी आणि बाबा वरच्या डेकवर, बाबांनी वेटरला दोन बियर सांगितल्या आणि आल्यावर माझ्याकडे न बघता एक सरकवली. मग आम्ही वीस मिनिटं म्युच्युअल फंडांवर बोललो. बस्स, एवढंच. पुन्हा विषय निघाला नाही.

ड्रिंक्सचं पॅकेज मात्र विचार करून घ्या. आमच्या बोटीवर एकाने घेतलं की त्या खोलीतल्या बाकी मोठ्यांनापण घ्यावंच लागत होतं, आईला फुकट भुर्दंड.

जर्सीकर
इथे अमेरिकेतून जाणाऱ्यांसाठी उलटं आहे म्हणून लिहितो. रॉयल कॅरिबियनला आशियातून दारूचं वय १८ आहे, इथून सुटणाऱ्या बोटींवर २१. आणि टीन क्लब १२ ते १७. म्हणजे १८ ते २० वाले मधल्यामधे लटकतात, क्लबमध्ये घेत नाहीत आणि बारमध्ये देत नाहीत. माझी थोरली तेव्हा १९ची, धाकटा १६चा. धाकट्याची पहिल्या रात्रीच गँग जमली, ही बसली आमच्याबरोबर ट्रिव्हिया खेळत, चेहरा बघवेना.

तिला वाचवलं ते बर्म्युडाने. आम्ही न्यूजर्सीतल्या बेयॉन बंदरातून गेलो होतो, बोट डॉकयार्डला लागते आणि आमची तिथेच मुक्कामाला होती. टुरिस्टना तिथे नेहमीची गाडी भाड्याने मिळत नाही, सगळे गुलाबी बसने नाहीतर फेरीने फिरतात. तिला बसचा पास काढून दिला आणि सोडलं. हॉर्सशू बे, सेंट जॉर्ज सगळं एकटीने केलं, संध्याकाळी परत आली ती दुसरीच मुलगी. सो मोठ्या मुलांसाठी बोट बघू नका, बंदर बघा. पिनांगला बोट थेट जॉर्जटाऊनच्या धक्क्याला लागते ना, टूर अजिबात घेऊ नका. चालत जुन्या गावात सोडा, आर्मेनियन स्ट्रीटची भिंतीवरची चित्रं, पाण्यावरची च्यू जेटी, लिटल इंडियात डोसा. पोरं स्वतःच फिरतील.

मीनल_ठाणे
बाप रे, किती छान लिहिलंत सगळ्यांनी, थँक्यू. मुलाला आदूचा रिप्लाय वाचून दाखवला (बियरचा भाग सोडून, तो त्याने स्वतःच फोन घेऊन वाचला). म्हणाला दार वाजवणार नाही असं लिहून दे. ह्यांनी लिहून दिलं, फ्रिजवर लावलंय. तीन खोल्यांचा भाव मागवला. तारखा सीईटीवर अवलंबून.

सुलभाताई एक विचारायचं राहिलं, रात्री मुलगी एकदम दिसेनाशी झाली की काय करायचात? आणि छोटी इलेक्ट्रिक किटली चालते का, ह्यांना आपलाच चहा लागतो.

सुलभा_कोथरूड
किटली नेऊ नका, बॅग स्कॅन होताना काढून घेतात, इस्त्री आणि एक्स्टेन्शन बोर्डपण. आमचा बोर्ड ठेवून घेतला आणि उतरताना चिठ्ठी दाखवून परत घ्यायला अर्धा तास रांग. चहाची पुडी न्या, गरम पाणी बुफेत चोवीस तास असतं. बाकरवडीची सीलबंद पाकिटं चालली आम्हाला, फक्त बंदरावर खाली नेऊ नका.

मुलीचं म्हणाल तर दुसऱ्या रात्री दीड वाजता मी गाऊनवर शाल गुंडाळून शोधायला निघाले. तीन मजले हिंडले. सापडली पिझ्झाच्या काउंटरपाशी, दोन्ही भाऊ शेजारी, आणि समोर कोइंबतूरची दोन पोरं, त्यांना मेंढीकोट शिकवत होती. पत्ते माझेच, माझ्या पर्समधून नेलेले. ओरडणार होते, पण त्यांना एक गडी कमी पडत होता. तीनला झोपलो.