व्यत्ययातही ॲड-हॉक नेटवर्क जोडलेले कसे ठेवावे?

प्रश्न
आमच्या प्रयोगशाळेत २.४ गिगाहर्ट्झवर चालणारे आठ नोडचे (रेडिओ असलेल्या उपकरणांचे) ॲड-हॉक नेटवर्क आहे, म्हणजे मध्यवर्ती केंद्राशिवाय नोड एकमेकांमार्फतच संदेश पुढे पाठवतात. जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या खोलीतला मायक्रोवेव्ह सुरू झाला की मधला एक नोड गप्प होतो आणि नेटवर्कचे दोन तुकडे पडतात. हे नेटवर्क मुद्दाम केलेल्या जॅमिंगमध्येही (कोणी रेडिओ सिग्नल दडपले तरी) टिकावे, अशी आमची मनापासून इच्छा आहे. प्रक्षेपणशक्ती वाढवून भागेल का?

उत्तर १
भागणार नाही. शक्ती वाढवली की आपलेच नोड एकमेकांच्या आड येतात, शिवाय बॅटरी लवकर उतरते. आधी निदान करावे: सिग्नल क्षीण असून पॅकेट (माहितीचे छोटे तुकडे) हरवत असतील, तर अंतर किंवा भिंत हे कारण असू शकते, सिग्नलची पातळी चांगली दिसत असूनही पॅकेट पोहोचत नसतील, तर व्यत्ययाचा संशय घ्यावा.

उत्तर २
एकाच निश्चित चॅनेलला (पट्ट्यातल्या एका अरुंद भागाला) चिकटून राहू नये. क्लासिक ब्लूटूथ ७९ चॅनेलांवर सेकंदाला १६०० उड्या मारते आणि बिघडलेली चॅनेले वगळते, म्हणूनच ते याच गर्दीच्या पट्ट्यात तग धरते. मात्र संपूर्ण पट्टाच दडपला गेला, तर उड्या मारूनही उपयोग होत नाही; त्यासाठी भारतात परवानामुक्त असलेल्या ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात दुसरा रेडिओ ठेवावा.

उत्तर ३
माझ्या मते खरे दुखणे रचनेत आहे. एक नोड गेल्याने तुकडे पडतात, याचा अर्थ सगळी वाहतूक त्याच एका पुलावरून जाते. कोणत्याही दोन नोडांमध्ये सामाईक नोड नसलेले किमान दोन मार्ग राहतील, असा एखादा नोड मायक्रोवेव्हपासून दूर, दुसऱ्या बाजूने बसवावा.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. उद्या नववा नोड जिन्याजवळ बसवून पॅकेटांची नोंद ठेवतो.