अनुभव धागा: ओल्या जिनसांचं काय करता?

टिळकवाडीहून: कापडी पिशवी आता अंगवळणी पडली आहे. कांदे-बटाटे, मेथी, सगळं तिच्यात मावतं. गाडी अडते ती ओल्या जिनसांपाशी. परवा बेळगावच्या गणपत गल्लीत दही घेतलं, ते प्लास्टिकच्या पातळ पिशवीत गाठ मारूनच हातात आलं. कर्नाटकात २०१६ पासून ही पिशवी बंद आहे, तरी! तुम्ही काय करता? फसलेलंही लिहा, उपदेश नको.

खानापूर: मासळीला स्टीलचा डबा. पहिल्या दिवशी रिकामा डबा काट्यावर ठेवून वजन शून्य करून घ्यायचं विसरले. मासेवाली म्हणाली, "वैनी, डबा पण तळणार काय?" आता मी दिसले की ती आपणहून काटा शून्यावर आणते.

निपाणी: माझं माहेर सीमेपलीकडचं, महाराष्ट्रातलं कागल, त्यामुळे बाजार दोन्हीकडचा. महाराष्ट्रात २०१८ साली बंदी आली तेव्हा वाटलं, आता सुटलो. कशाचं काय! सीमेचा वाद इतकी वर्षं चाललाय, पण काउंटरखालून हळूच पिशवी काढायची रीत दोन्हीकडे एकच.

वडगाव: कापडी म्हणून दुकानात मिळते ती रंगीत पिशवी कापडाची नसते बरं का. तीही प्लास्टिकच, न विणता दाबून केलेली. आमच्या गच्चीत एक उन्हात राहिली, हात लावला तर भुगा. माग असलेल्या घरातली मी, मला तर ती बघवत नाही. सासूबाईंनी जुन्या लुगड्याची शिवलेली, तळाला दुहेरी शिवण घातलेली पिशवी अजून पाच किलो ज्वारी उचलते. पालेभाजी मात्र ओल्या पंच्यात गुंडाळून आणते.

शहापूर: भंगारवाला पातळ पिशव्या घेत नाही. वजन भरत नाही, शिवाय तेलकट-चिखलट असतात. दुधाची पिशवी घेतो, पण धुऊन वाळवलेली. एक शिकलेय, कोपरा पूर्ण कापायचा नाही, लोंबता ठेवायचा. तो चिमूटभर तुकडा केरात गेला की गेलाच. आमच्या खिडकीला दोरीवर रोज दोन पिशव्या वाळत असतात. शेजारीण विचारते, कसलं तोरण?

चिकोडी: शिळं अन्न पिशवीत बांधून टाकू नका एवढंच सांगते. आमच्या गाईच्या शेणात निळा तुकडा निघाला. तिला गाठ सोडता येत नाही हो.

टिळकवाडीहून पुन्हा: काल डबा नेला. दहीवाल्यानं सवयीनं विचारलं, "चीला तंदीरेन्री?" म्हणजे पिशवी आणलीत का? डबा पुढे केला, त्यानं चमचाभर जास्तच घातलं. घरी येईस्तोवर अर्धं स्कूटीच्या डिकीत. न गळणारा डबा कुणाकडे असेल तर झाकण कसलं आहे ते सांगा.