सामायिक डीप फ्रीझरमधील बेवारस नमुन्यांचे काय करावे?

प्रश्न – शोधछात्रा
नमस्कार. आमच्या विभागातील उणे ८० अंशांचा डीप फ्रीझर पाच संशोधन गट मिळून वापरतात. साचलेला बर्फ काढण्यासाठी गेल्या आठवड्यात तो रिकामा केला, तेव्हा सर्वांत खालच्या कप्प्यातून अकरा खोकी अशी निघाली की त्यांवर ना नाव होते, ना तारीख. आतील नळ्यांवर निळ्या शाईचे नुसते डाग उरले होते. इथेनॉल लागून अक्षरे पुसली गेली असावीत. टाकून द्यावीत, तर कोणाची तरी कित्येक वर्षांची मेहनत वाया जाईल. ठेवावीत, तर आत काय आहे हे ठाऊक नसलेल्या वस्तू आम्ही रोज हाताळत राहू. काय करणे योग्य?

उत्तर – प्रयोगशाळा तंत्रज्ञ
ताई, त्या नळ्या कृपया उघडू नका, आणि आत काय आहे ते कळेपर्यंत सर्व संसर्गजन्यच समजा. खोकी एका वेगळ्या रॅकमध्ये ठेवून छायाचित्रांसह सर्व गटप्रमुखांना लेखी कळवा आणि महिनाभराची मुदत द्या. पीएच.डी. संपवून गेलेल्यांनाही आवर्जून विचारा, कारण माझ्या अनुभवात अशी खोकी बहुधा त्यांचीच असतात. मुदत संपल्यावरही नळ्या सरसकट ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालील गरम वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात) घालू नयेत किंवा त्यांवर ब्लीच ओतू नये. काही नळ्यांत पेशींतील आरएनए वेगळे करण्याचे द्रावण असू शकते, आणि त्यात बहुधा फिनॉल आणि ग्वानिडीन थायोसायनेट असते. फिनॉल तापवल्यास विषारी वाफा निघतात आणि ग्वानिडीनचा ब्लीचशी संयोग झाल्यास विषारी वायू तयार होतो. म्हणून विल्हेवाटीचा निर्णय संस्थेच्या जैवसुरक्षा समितीकडे सोपवावा.

उत्तर – सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापिका
वरील सल्ल्याशी मी पूर्ण सहमत आहे. खोकी हलवताना नमुने वितळू नयेत म्हणून ती कोरड्या बर्फात ठेवा, मात्र त्या डब्याचे झाकण हवाबंद करू नका, कारण कोरडा बर्फ म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, त्याचा सतत वायू होत असतो आणि बंद डबा त्या दाबाने फुटू शकतो.
पुढील काळासाठी आमच्याकडे रुळलेली पद्धत सांगते. नाव केवळ झाकणावर लिहीत नाही, कारण दोन नळ्या एकाच वेळी उघडल्या की झाकणांची अदलाबदल होते. अतिशीत तापमानासाठीचे छापील लेबल नळीच्या अंगावर, ती कोरडी आणि खोलीच्या तापमानाला असतानाच चिकटवतो; दव धरलेल्या नळीवर ते टिकत नाही. गटाचे नाव, नमुन्याचा प्रकार, तारीख आणि नोंदवहीतील क्रमांक एवढे त्यावर असतेच. विद्यार्थ्याला ना-हरकत प्रमाणपत्र देण्यापूर्वी त्याची खोकी नोंदवहीशी ताडून पाहतो, आणि हा नियम मला सर्वांत मोलाचा वाटतो.

शोधछात्रा
मनःपूर्वक आभार. पत्र पाठवल्यावर चार खोक्यांचा मालक सापडला. तो गेल्या वर्षीच विभाग सोडून गेला आहे आणि त्याच्या जुन्या वहीत नळ्यांचा क्रम लिहिलेला आहे. उरलेल्या सात खोक्यांसाठी समितीकडे अर्ज करत आहे.